मंद जळणारा लाल दिवा: जुन्या अँबॅसेडरचं चार्जिंग आणि इग्निशन

दिवसा सगळं ठीक असायचं. रात्री हेडलाईट लावले की डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा पूर्ण विझायचा नाही, अंधारात निरखून पाहिलं तर दिसेल इतपत जळत राहायचा. दुसरी तक्रार वरवर वेगळी: वाघबीळ सोडून पन्हाळ्याचा चढ लागला, इंजिन तापलं, की रेस दाबल्यावर मिसिंग, म्हणजे ठिणगी चुकून इंजिनाचं अडखळणं, सुरू व्हायचं आणि कधीकधी गाडी बंदच पडायची. बॉनेट उघडून वीस मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. आणि तिसरं म्हणजे, तीन-चार दिवसांत बॅटरी उतरायची.

कोल्हापूरच्या शाहूपुरीतली ही अँबॅसेडर मार्क टू, १४८९ सीसी, अल्टरनेटरऐवजी डायनामोची, पॉझिटिव्ह अर्थिंगची, म्हणजे बॅटरीची पॉझिटिव्ह दांडी बॉडीला जोडलेली. आमच्याकडे यायच्या आधी तिची इग्निशनची कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारी) बदलली होती, बॅटरी बदलली होती, डायनामो खोलून बघितला होता. तिन्ही तक्रारी जिथल्या तिथे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात डायनामो बुडेपर्यंत पाणी चढलं होतं. त्यानंतर सीटा, कार्पेट, इंजिन ऑइल असं सगळं बदललं गेलं, वायरिंग मात्र वाळवून तसंच ठेवलं होतं. जुन्या गाडीच्या वायरिंगमध्ये पुराचं पाणी वर्षानुवर्षं काम करत राहतं. इन्सुलेशनच्या आत तारांमधून ओल केशिकेसारखी वर चढते आणि वितभर आतपर्यंत तांबं काळं पडतं. बाहेरून वायर चांगली दिसते.

सुरुवात बॅटरीपासून केली, कारण उतरलेल्या बॅटरीवर घेतलेलं कुठलंच रीडिंग भरवशाचं नसतं. रात्रभर ४ अँपिअरवर चार्ज केली, सकाळी दोन तास नुसती ठेवली आणि मग आम्लाची घनता बघणारा हायड्रोमीटर घातला. सहाही सेल १.२६० ते १.२७०. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असता तर बॅटरीच संशयित ठरली असती. म्हणजे बॅटरी निर्दोष होती, तिच्यापर्यंत चार्ज पोचत नव्हता.

पॉझिटिव्ह अर्थिंगच्या गाडीत मल्टीमीटरची लाल पिन बॉडीला आणि काळी पिन लाईव्ह वायरला लावायची. डिजिटल मीटर उलटा लागला तरी बिघडत नाही, आकड्याआधी वजा चिन्ह येतं एवढंच. काट्याचा मीटर मात्र उलटा आपटतो. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची कोणती दांडी बॉडीला जोडली आहे ते डोळ्यांनी बघावं, कारण मधल्या काळात कुणी पोलॅरिटी बदललेली असू शकते आणि कागदावरच्या नकाशाला ते माहीत नसतं.

यानंतर बहुतेक जण मीटरचा बझर लावून वायर 'चालू' आहे का ते बघतात. त्यातून फार कमी कळतं. चाळीस तारांच्या वायरीत एकच तार शाबूत असली तरी बझर वाजतो. ती वायर सहा-सात अँपिअर नेते का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर करंट वाहत असतानाच मिळतं. म्हणून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत हरवणारे व्होल्ट, मोजायचा: मीटर २० व्होल्टच्या डीसी रेंजवर, एक पिन वायरीच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला, आणि सर्किट चालू. चांगल्या सांध्यावर ०.१ व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये. बॅटरीपासून कॉइलपर्यंतच्या सगळ्या वाटेत मिळून अर्धा व्होल्ट गेला तर तो वरचा टोकाचा आकडा समजावा.

इंजिन बंद, इग्निशन ऑन, आणि डेल्कोमधले (म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधले) पॉइंट, कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी छोटी टोकं, मिटलेले राहतील असं इंजिन फॅन धरून फिरवून ठेवलं. पॉइंट मिटलेले असले की कॉइलमधून पूर्ण करंट वाहतो. हे एका वेळी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त करू नये, कॉइल तापते. बॅटरीवर १२.३ व्होल्ट. कॉइलच्या एसडब्ल्यू टर्मिनलवर (स्विचकडून वायर येते ते), बॅटरीच्या अर्थिंगच्या दांडीपासून मोजल्यावर, १०.४. हेडलाईट लावले तर ९.१. म्हणजे कॉइलला मुळात उपाशी ठेवून तिच्याकडून ठिणगी मागत होतो.

मग वाट तुकड्यातुकड्यात मोजली. या गाड्यांत करंटचा रस्ता असा आहे: बॅटरी, तिथून सेल्फच्या सोलेनॉइडचा मोठा बोल्ट, तिथून तपकिरी वायरीने कटआऊटच्या डब्यातल्या (डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा आणि त्याचं व्होल्टेज आवरणारा डबा) ए टर्मिनलला, डब्याच्या आतून ए-वनला, ए-वनवरून तपकिरी-निळ्या वायरीने लाईटच्या स्विचला आणि पुढे इग्निशन स्विचला, आणि स्विचमधून पांढऱ्या वायरीने कॉइलला. हेडलाईट बंद ठेवून मिळालेले आकडे: बॅटरीची दांडी ते सोलेनॉइड ०.०५, सोलेनॉइड ते ए ०.५५, ए ते ए-वन ०.०५, ए-वन ते इग्निशन स्विच ०.३, स्विचच्या आत ०.७५, स्विच ते कॉइल ०.२. बेरीज १.९, म्हणजे हरवलेले सगळे व्होल्ट सापडले. अशी बेरीज जुळेपर्यंत थांबायचं नाही. जुळली नाही तर एखादा सांधा मोजायचा राहिला आहे.

लाल दिव्याचं कोडंही इथेच सुटलं. हा दिवा, साधारण २.२ वॉटचा बल्ब, दोन जागांच्या मधे जोडलेला असतो: एक टोक डायनामोच्या डी टर्मिनलला (जिथून त्याची वीज बाहेर येते), दुसरं इग्निशन स्विचच्या पलीकडे. इंजिन बंद असताना डी शून्यावर आणि स्विचकडे १२ व्होल्ट, म्हणून दिवा लख्ख. डायनामो उचलू लागला, म्हणजे वीज देऊ लागला, की दोन्ही टोकं सारख्या व्होल्टेजवर येतात आणि दिवा विझतो. म्हणजे तो चार्जिंग मोजत नाही, दोन टोकांमधला फरक दाखवतो. रात्री हेडलाईटचे आठ-नऊ अँपिअर त्याच तपकिरी-निळ्या वायरीतून जात होते, त्यामुळे डीकडे १३ च्या वर आणि स्विचपाशी साडेअकराच्या आसपास, असा दीड-पावणेदोन व्होल्टचा फरक पडत होता. तेवढ्यावर बल्बची तार तांबूस होते. जो ड्रॉप कॉइलला उपाशी ठेवत होता, तोच डॅशबोर्डवर कित्येक महिने जळून दाखवत होता. डायनामो त्यासाठी खोलायची गरज नव्हती.

दिवा आणखीही बरंच सांगतो. आयडलिंगला जळतो आणि थोड्या रेसवर विझतो, हे डायनामोच्या गाडीत साहजिक आहे, कारण त्या फेऱ्यांवर डायनामो उचलतच नाही. रेसबरोबर विझण्याऐवजी उजळत जातो तेव्हा कटआऊटचे पॉइंट मिटत नाहीत, किंवा ए ची वायर तुटली आहे: डायनामो व्होल्टेज करतोय, पण ते बॅटरीकडे जायला वाट नाही. इग्निशन ऑन केल्यावर अजिबात लागत नाही तेव्हा बल्ब गेलेला, वायर सुटलेली, किंवा डायनामोचे कार्बन (ब्रश) कम्युटेटरला, म्हणजे आर्मेचरच्या टोकावरच्या तांब्याच्या पट्ट्यांना, टेकतच नाहीत, कारण दिव्याचा करंट आर्मेचरमधून (डायनामोच्या फिरणाऱ्या गाभ्यातून) अर्थिंगला जातो. आणि किल्ली काढल्यावरही जळत राहिला तर विचार करत बसू नये, बॅटरीची अर्थिंगची वायर आधी सोडवावी. कटआऊटचे पॉइंट चिकटलेले आहेत आणि बॅटरी डायनामोमध्ये उलटी रिकामी होते आहे. काही मिनिटांत आर्मेचर आणि वायरिंग दोन्ही जळू शकतं.

सोलेनॉइडवरचं थिंबल (वायरीच्या टोकाला बसवलेली धातूची कडी) सोडवलं तर खाली पांढरट-हिरवी पूड. थिंबल कापून वायर सोलत गेलो: चार बोटं सोलली तरी तारा काळ्या, दहा बोटांवर थोडं लालसर तांबं दिसलं. अशा वायरीला नवं थिंबल लावून उपयोग नाही, काळ्या तांब्यावर सोल्डरही धरत नाही. सोलेनॉइडपासून ए पर्यंतची आणि ए-वनपासून स्विचपर्यंतची वायर नवी टाकली, ४ स्क्वेअर मिलिमीटरची, गाड्यांसाठी मिळते ती बारीक तारांची. घराच्या फिटिंगची वायर इथे वापरू नये. तिच्या तारा जाड असतात, कंपनाने टोकाशी तुटतात, आणि इंजिनाच्या उष्णतेने तिचं प्लास्टिक मऊ पडतं. कॉइलची पांढरी वायर १.५ स्क्वेअरची पुरते. थिंबल चिमट्याने दाबून बसवली आणि वर गरम करून आवळणारी स्लीव्ह चढवली. नुसत्या सोल्डरवर आमचा भरवसा नाही: कथील तारांमधून वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि जिथे ताठपणा संपतो तिथेच वायर तुटते. वायरींचे रंग मूळचेच ठेवले. ज्या गाडीत सगळ्या वायरी लाल असतात, तिथे पुढच्या माणसाचे दोन दिवस वाया जातात.

इग्निशन स्विच उघडता येण्यासारखा होता. आतली पितळेची पत्ती काळवंडून एका जागी खड्डा पडला होता. बारीक पॉलिश पेपरने साफ करून ०.७५ चा ड्रॉप ०.१२ वर आला. खड्डा आणखी खोल असता तर स्विचच बदलला असता.

एक गोष्ट मालकाला पटवून जास्तीची केली. या गाड्यांत तपकिरी आणि पांढऱ्या वायरींना मुळात फ्यूज नसतोच. दोन फ्यूज आहेत ते हॉर्न, वायपर वगैरेंसाठी. तपकिरी वायर कुठे बॉडीला घासून उघडी पडली तर थेट जाळ. म्हणून बॅटरीच्या अर्थिंगच्या वायरीत हाताने फिरवायचा मेन स्विच बसवला. गॅरेजमध्ये गाडी लावली की तो बंद करायचा.

इंजिनाच्या अर्थिंगची पट्टीही मोजली. इंजिन ब्लॉक ते बॅटरीची दांडी, कॉइलची वायर काढून ठेवून सेल्फ मारत: ०.९ व्होल्ट. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. पट्टी बॉडीला जिथे आवळली होती तिथे खाली रंग आणि गंज. खरवडून चकचकीत पत्रा उघडा केला, नवी पट्टी लावली, वरून ग्रीस फासलं. आकडा ०.२ वर आला आणि सेल्फचा आवाज लगेच बदलला.

एवढं झाल्यावर डायनामो. आधी फॅन बेल्ट: लांब बाजूच्या मधोमध अंगठ्याने दाबला तर १२ मिलिमीटरच्या आसपास झुकावा. सैल असेल तर हेडलाईट लावल्यावर घसरतो, फार आवळला तर डायनामोचं बेअरिंग जातं.

डायनामोची चाचणी गाडीवरच होते. डायनामोवरच्या डी आणि एफ (आत चुंबकत्व तयार करणाऱ्या फील्ड कॉइलची) दोन्ही वायरी काढायच्या. पहिल्यांदा नुसत्या डी आणि बॉडीमध्ये मीटर लावून इंजिन आयडलिंगच्या जरा वर चालवायचं: दीड ते तीन व्होल्ट दिसले म्हणजे आतल्या लोखंडात चुंबकत्व शिल्लक आहे आणि आर्मेचर जिवंत आहे. आमच्याकडे १.८ आलं. मग डी आणि एफ एका छोट्या वायरीने जोडून, मीटर त्यांच्या आणि बॉडीच्या मधे, आणि रेस हळूहळू. काटा न थरथरता भरभर २० पर्यंत चढला पाहिजे. २० ला थांबायचं, कारण या अवस्थेत डायनामोवर कुणाचंच नियंत्रण नसतं आणि जास्त फिरवला तर तो स्वतःचंच वाइंडिंग जाळतो. काहीच चढलं नाही तर कार्बन बघायचे. एखाद्याच व्होल्टवर अडकला तर फील्ड कॉइलचा दोष, चार-पाचवर अडकला तर आर्मेचरचा. आमचा काटा ९ आणि १४ च्या मधे फडफडत होता. हे लक्षण कार्बन आणि कम्युटेटरचं.

खोलल्यावर एक कार्बन ठीक, दुसरा जेमतेम ६ मिलिमीटर उरलेला आणि होल्डरमध्ये गाळाने अडकलेला. पुराची ती बारीक पिवळसर माती इतक्या वर्षांनंतरही तिथे होती. साधारण ७ ते ९ मिलिमीटरच्या खाली कार्बन गेला की स्प्रिंगचा जोर पुरत नाही, दोन्ही एकदम बदलावेत. कम्युटेटरवर कार्बनने चर पाडली होती आणि तांब्याच्या पट्ट्यांमधला मायका पट्ट्यांच्या बरोबरीला आला होता. आर्मेचर उद्यमनगरात लेथवर नेलं. तिथल्या कारागिराने नखाने चाचपून सांगितलं, "मायका खाली घेतला नाही तर कार्बन उड्या मारतंय बघा." लेथवर अगदी हलका कट घेतला आणि मग हॅकसॉ ब्लेडचा तुकडा, दोन्ही बाजूंनी घासून फटीइतका पातळ केलेला, प्रत्येक फटीतून ओढला. मायका ०.८ मिलिमीटर खाली, चौकोनी तळाचा. फटीच्या कडेला मायकाची पापुद्र्याइतकी कड राहिली तरी कार्बन थरथरतो, म्हणून भिंग लावून एकेक फट बघावी. हे तासाभराचं काम आहे, आणि डायनामो बघितला म्हणणारे बरेच जण नेमकं हेच टाळतात.

जोडताना मागच्या बुशला इंजिन ऑइलचे दोन-तीनच थेंब दिले. जास्त घातलं तर ते कम्युटेटरवर उडतं आणि कार्बनची धूळ धरून काळी लेप तयार होते.

खोललेल्या डायनामोची पोलॅरिटी पुन्हा बसवून घेणं बरं. डी आणि एफच्या वायरी न जोडता, बॅटरीच्या लाईव्ह टर्मिनलवरून एक वायर घेऊन एफला दोन-तीन वेळा क्षणभर टेकवायची, छोटी ठिणगी दिसते. या गाडीत लाईव्ह म्हणजे निगेटिव्ह. पोलॅरिटी उलटी राहिली आणि कटआऊट मिटला तर बॅटरी आणि डायनामोचं व्होल्टेज एकमेकांत मिळून पॉइंट जागेवर वितळून चिकटतात. पुन्हा चाचणी केली तेव्हा काटा सरळ २० वर गेला.

आता ज्याला सगळे नुसतं 'कटआऊट' म्हणतात तो डबा. त्यात खरं तर दोन वेगळी यंत्रं आहेत: एक कटआऊट, जो डायनामो बॅटरीपेक्षा वर आला की जोडतो आणि खाली गेला की तोडतो, दुसरा रेग्युलेटर, जो एफला जाणारा करंट तोडून-जोडून व्होल्टेज आवरतो. मिटणारा पॉइंट बॅटरी जोडणारा, आणि सतत थरथरणारा पॉइंट आवरणारा, हे ओळखल्याशिवाय एकाही स्क्रूला हात लावू नये.

रेग्युलेटर तपासायला ए आणि ए-वन दोन्हींच्या वायरी काढून एकमेकींना जोडल्या, म्हणजे बॅटरी डब्यातून वेगळी होते पण इग्निशन चालू राहतं. तो सांधा लाईव्ह असतो, टेपने झाकून घ्यावा. मीटर डी आणि बॉडीच्या मधे. इथे काट्याचाच मीटर हवा, थरथरणाऱ्या पॉइंटवर डिजिटलचे आकडे नाचतात. रेस हळूहळू वाढवल्यावर काटा चढतो आणि एका जागी थबकतो. कोल्हापुरातल्या मे महिन्यातल्या हवेत तो १५.९ ते १६.५ च्या दरम्यान थबकावा. बॅटरी न जोडता घेतलेला हा आकडा आहे, म्हणून तो जास्त दिसतो, त्याला घाबरून कमी करू नये. आमचा १६.७ आला. मोह होतो स्क्रू फिरवायचा. त्याआधी डब्याचं ई (अर्थिंगचं) टर्मिनल ते बॉडी मोजलं: ०.३ व्होल्ट. डब्याच्या अर्थिंगचा स्क्रू गंजला होता. रेग्युलेटरची कॉइल ई मधूनच अर्थिंग घेते. तिथे व्होल्ट अडकले की तिला खरं व्होल्टेज तेवढं कमी दिसतं आणि ती डायनामोला उगाच वर चढू देते. स्क्रू साफ केला, १६.४ आला, सेटिंगला हात लावावा लागला नाही. हे तपासणं तीस सेकंदांत उरकावं, डबा तापला की आकडा सरकतो.

कटआऊट मिटतो तो क्षण बघायला वायरी जागेवर लावून, हेडलाईट चालू ठेवून रेस वाढवली. काटा चढत चढत १३.० ला पोचला आणि हलकासा खाली आला, म्हणजे मिटला. १२.७ ते १३.३ च्या मधे कुठेही चालतं. त्याच्या पॉइंटवर काळा डाग होता. हे पॉइंट मऊ चांदीचे असतात, त्यांना बारीक काचकागदच लावावा, एमरी कधीच नाही. रेग्युलेटरचे पॉइंट कठीण, तिथे बारीक सिलिकॉन कार्बाइडचा कागद चालतो. घासून झाल्यावर पेट्रोलात भिजवलेल्या कोऱ्या कागदाची पट्टी मधून ओढून धूळ काढायची, बॅटरी सोडवून.

चार्जिंग जागेवर आलं. पन्हाळ्याचा चढ अजून बाकी होता.

कॉइलची प्रायमरी थंड असताना ओहममध्ये मोजली तर १.६. इथे कुणी तरी अडखळलं होतं. या गाडीला साधारण ३.२ ते ३.४ ओहमची कॉइल लागते. दीड ओहमच्या आसपासची कॉइल ही बॅलास्टची, म्हणजे तिच्या आधी वायरीत वेगळा रेझिस्टर असावा लागतो. तो नसताना ती ३.६ ऐवजी सात-आठ अँपिअर खेचते, स्वतः हात लागणार नाही इतकी तापते आणि पॉइंट जाळते. दोन्ही कॉइल बाहेरून हुबेहूब सारख्या दिसतात. दुकानातून घेताना मीटर बरोबर न्यावा आणि काउंटरवरच मोजावी. जुनी, 'खराब' म्हणून काढलेली कॉइल डिकीत पडली होती. ती ३.३ ओहम भरली. तीच परत बसवली.

पॉइंटवर अपेक्षेप्रमाणे एका बाजूला टेकाड आणि दुसरीकडे खड्डा. नवे पॉइंट बसवून कॅमच्या टोकावर फिलर गेजने ०.३८ मिलिमीटर ठेवले, ०.३५ ते ०.४० चालतं. कंडेन्सर (पॉइंटवर उडणारी ठिणगी दाबणारा) ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास असावा. नवा लावण्याआधी तोही मीटरवर बघितला, कारण नवा म्हणजे चांगला असं हल्ली कंडेन्सरच्या बाबतीत धरून चालता येत नाही. पॉइंट बसवताना एक चूक फार जणांकडून होते: स्प्रिंगची पत्ती आणि दोन्ही वायरींची टोकं प्लास्टिकच्या बुशवर राहिली पाहिजेत, खालच्या खुंटाला कुठेही टेकता कामा नयेत. टेकली तर पॉइंट कायमचे मिटल्यासारखे राहतात आणि ठिणगी अजिबात येत नाही. तपासायला सोपं आहे: इग्निशन ऑन, मीटर कॉइलच्या सीबी टर्मिनलवर (पॉइंटकडे वायर जाते ते). पॉइंट उघडे असताना १२ च्या आसपास, मिटलेले असताना ०.२ च्या आत. दोन्हीकडे शून्य आलं तर कुठे तरी टेकलंय.

आमच्याकडे हे दोन्ही आकडे बरोबर आले. तरीही खरा दोष डेल्कोतच होता.

डेल्कोच्या बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत आत एक बोटभर लांबीची मऊ वायर जाते. व्हॅक्यूम अॅडव्हान्स (इंजिनाच्या ओढीवर ठिणगीची वेळ पुढे घेणारा) ज्या पाटीला ओढतो त्याच पाटीवर पॉइंट असतात, त्यामुळे ही वायर गाडी चालताना सतत वाकते. वर्षांनुवर्षं वाकून ती आतून तुटते आणि कापडी आवरण शाबूत राहतं. पाटी एका जागी असली की टोकं टेकलेली, सरकली की सुटलेली. हे पकडायला कार्बोरेटरकडची व्हॅक्यूमची नळी काढून तोंडाने हवा ओढली, दुसऱ्याने मीटर ओहमवर ठेवून एक पिन बाहेरच्या टर्मिनलला आणि दुसरी पॉइंटच्या स्प्रिंगला लावली. हवा ओढली: पाटी सरकली, ०.२ ओहम. हवा हळूहळू सोडली: पाटी परत येता येता आकडा उडाला, क्षणभर अमर्याद, पुन्हा ०.२. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा त्याच जागी.

सपाटीवर गाडी चालते तेव्हा व्हॅक्यूम भरपूर, पाटी ओढलेली, वायर टेकलेली. चढावर रेस दाबली की व्हॅक्यूम पडतो, पाटी मागे येते, आणि नेमकी तिथेच वायर सुटते. शिवाय थ्रॉटल उघडल्यावर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि प्लगवर ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. तापलेली चुकीची कॉइल, तिला मिळणारे साडेदहा व्होल्ट आणि तुटकी वायर, तिन्ही एकाच क्षणी आड यायची. म्हणूनच एकेक पार्ट बदलून काही हाती लागत नव्हतं.

ती वायर नवी घालताना साधी प्लास्टिकची घालू नये, ताठ असते, महिन्याभरात तुटेल. खूप बारीक तारांची, मऊ आवरणाची घ्यावी आणि पाटी दोन्ही टोकांना सरकेल इतकी सैल ठेवावी, पण रोटरखाली (फिरत फिरत ठिणगी एकेका प्लगकडे वाटणारा तुकडा) घासणार नाही इतपतच. पाटीला अर्थिंग देणारी दुसरी छोटी वायर डेल्कोच्या बॉडीला असते, तीही बदलली. तिच्याकडे कुणी बघत नाही आणि ती गेल्यावरही हुबेहूब हेच लक्षण दिसतं.

रोटर तपासायचा तर कॅप काढून, कॉइलची एचटी (जास्त व्होल्टेजची) वायर रोटरच्या मधल्या पितळेपासून तीन-चार मिलिमीटरवर धरावी, रबरी पक्कडीने, आणि पॉइंट हाताने उघडावेत. ठिणगी उडाली तर रोटर आतून फुटून शाफ्टला करंट देतोय. आमचा चांगला निघाला. प्लगचं अंतर ०.६ मिलिमीटर, फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

शेवटी आकडे परत घेतले. बॅटरी १२.४, कॉइलवर १२.१, हेडलाईट लावून ११.८. मध्यम रेसवर बॅटरीवर १४.०, हेडलाईटसह १३.२. लाल दिवा रात्रीही पूर्ण काळा. एक मर्यादा तशीच राहते: हा डायनामो भरात २२ अँपिअर देतो आणि आयडलिंगला जवळपास काहीच नाही. संध्याकाळी दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीत हेडलाईट लावून पंधरा मिनिटं उभं राहिलं की खर्च बॅटरीतूनच होतो, तो परत भरायला नंतर अर्धा तास सलग रस्ता लागतो.

अल्टरनेटर बसवा, असा सल्ला मालकाला बऱ्याच जणांनी दिला होता. रोज रात्री गाडी चालवणाऱ्याने जरूर बसवावा. पण त्यासाठी बहुतेक वेळा पोलॅरिटी बदलून निगेटिव्ह अर्थिंग करावं लागतं, कॉइलच्या दोन्ही वायरी अदलाबदल कराव्या लागतात, आणि सगळ्यात आधी तपकिरी वायर जाड टाकावी लागते. अर्धा व्होल्ट खाणाऱ्या त्या जुन्या वायरीतून ३५ अँपिअर सोडले असते तर सोलेनॉइडवरचं ते थिंबल पहिल्याच आठवड्यात तापून लाल झालं असतं.

पन्हाळ्याला भर उन्हात दुपारी नेली. वाघबीळ ते चार दरवाजा, तिसऱ्या गिअरवर रेस दाबून, वर पोचल्यावर लगेच बंद करून गरम इंजिनावर पुन्हा चालू. मिसिंग नाही. कॉइलला हात लावून बघितला तर कोमट. सगळे आकडे एका कागदावर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून, बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवले आहेत: जागा, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, तारीख. वायपर आणि हॉर्नच्या वायरी अजून मोजायच्या आहेत, पावसाळ्याच्या आधी.